ग्राफक्यूएलशिवायही हे जमतं
क्लायंटला (सर्व्हरकडे डेटा मागणाऱ्या अ‍ॅपला) हवी तेवढीच फील्ड्स, म्हणजे नाव-ईमेलसारखे माहितीचे रकाने, द्यायची तर ग्राफक्यूएल ही डेटा मागण्याची क्वेरी भाषाच हवी, हा लेखातला सूर पटला नाही. जेसन:एपीआय या एपीआय रचण्याच्या ठरावीक नियमावलीच्या 2015 मधल्या पहिल्या आवृत्तीपासून साध्या गेट रिक्वेस्टमध्ये 'फील्ड्स' पॅरामीटर देऊन हे करता येतं. छोट्या टीमला तेवढं पुरतं.

खरी डोकेदुखी कॅशिंगची, म्हणजे एकदा दिलेलं उत्तर साठवून पुन्हा वापरण्याची. फील्ड्सचा नुसता क्रम बदलला तरी यूआरएल बदलते आणि सीडीएनला (अशी उत्तरं साठवून देणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याला) ती नवीच रिक्वेस्ट वाटते. म्हणून कॅशेपर्यंत पोचण्याआधीच नावं वर्णक्रमाने लावून घ्यावीत. आणि कृपा करून, मागितलेलं प्रत्येक नाव परवानगीच्या यादीशी ताडून बघा! ती नावं जशीच्या तशी डेटाबेसच्या क्वेरीत ढकलली, तर पासवर्डचा हॅशसुद्धा (त्याचं साठवलेलं सांकेतिक रूप) कुणीही मागून नेईल. लेखात यावर एक ओळही नाही, हे फार खटकलं.