टेबलाखालचे स्क्रू आवळू नका

नमस्कार. आम्ही बनवून दिलेल्या टेबलाच्या रिव्ह्यूत तुम्ही दिलेले दोन तारे पाहिले आणि त्यामागची कारणंही नीट वाचली. उत्तराआधी एक विनंती: ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून टेबलाखालचे स्क्रू ‘नीट बसवून’ घेणार, स्क्रूंभोवतीच्या फटीत डिंक भरून घेणार, असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

तुमची मुख्य तक्रार अशी, की टॉपच्या दोन्ही टोकांना लावलेल्या आडव्या पट्ट्या आता कडेपासून दोन-दोन मिलिमीटर बाहेर आल्यात. टेबल घरी आलं तेव्हा कड एकसंध होती. शिवाय खालून पाहिलं तर पट्टीच्या स्क्रूंची काही भोकं लांबट दिसतात, म्हणजे ती चुकून मोठी पडली आणि आम्ही ते लपवलं, असं तुमचं म्हणणं. तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे, पण अर्थ उलटा लागलाय.

पट्टी बाहेर आलेली नाही, टॉप आत गेलाय. अस्सल लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, कापून कितीही वर्षं झाली तरी. लांबीत त्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंदीत, म्हणजे लाकडाच्या रेषांना आडवं, ते फुगतं आणि आक्रसतं. तुमचा सागवानी टॉप ९० सेंटिमीटर रुंद आहे. लाकडातला ओलावा ३ टक्क्यांनी उतरला, की एवढ्या रुंदीत, फळी कशी चिरलीय त्यानुसार, साधारण २ ते ५ मिलिमीटर कमी होतात. टेबल एसीच्या खोलीत आहे हे तुम्हीच लिहिलंय. पट्टीच्या रेषा मात्र टॉपच्या रुंदीच्या दिशेने धावतात, त्यामुळे पट्टी आहे तेवढीच राहते. हवा दमट झाली की टॉप परत कडेपर्यंत येईल, कदाचित केसभर पुढेही जाईल. चांगल्या पॉलिशने हे सावकाश होतं, थांबत नाही.

म्हणून पट्टी फक्त मधोमध डिंकाने पक्की केलीय आणि बाजूच्या स्क्रूंना सरकायला जागा ठेवलीय. गोल भोक ड्रिलने क्षणात पडतं. लांबट करायचं तर त्यावर वेगळं काम करावं लागतं. चुकून तसं पडत नाही. आता तिथे डिंक भरून सगळं आवळलं तर टॉपला आक्रसायला वाव उरणार नाही आणि तो फळीच्या रेषेत तडकेल. तशी तडकलेली टेबलं दुरुस्तीला येतात, आणि बहुतेकदा कुणीतरी मायेनेच ती ‘मजबूत’ केलेली असतात.

फळ्यांचे रंग जुळत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. रंग चढवायचा नाही, नुसतं तेल द्यायचं, असं आपलं ठरलं होतं. नुकताच रंधा मारलेला साग ठिगळ्याठिगळ्यांचा दिसतो. उजेडात काही महिन्यांत तो बराच एकसारखा, सोनेरी तपकिरी होतो. तोवर टेबलावर कायमचं कापड अंथरू नका, नाहीतर झाकलेला पट्टा मागे राहील आणि त्याचा दोषही आमच्याच माथी येईल!

उशिराबद्दल: मीटरवर फळ्यांचा ओलावा हवा तेवढा उतरला नव्हता, हे तेव्हा फोनवर सांगितलं होतं. ओल्या फळीचं टेबल वेळेवर दिलं असतं तर आज कडेचा हा फरक याहून मोठा असता. पुन्हा असं झालं तरी मी थांबेनच.

शोरूममधल्या टेबलाच्या कडेला असा फरक पडत नाही, हे खरं. त्याचा टॉप म्हणजे बहुधा बोर्डवर चिकटवलेला व्हीनियर, लाकडाचा पातळ पापुद्रा, असतो आणि तो फारसा हलत नाही. ज्याला कड कायम एका रेषेत हवी त्याने तेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त दहा वर्षांनी त्यावर रंधा मारता येत नाही.

आता मला दोन फोटो पाठवा: एक खालच्या बाजूचा, एक कडेला मोजपट्टी धरून काढलेला. पट्टी मधोमध हलत असेल, किंवा खुद्द फळीत चीर दिसत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तसं निघालं तर टेबल आमच्या खर्चाने वर्कशॉपमध्ये नेऊन दुरुस्त करून देईन. तोपर्यंत मिस्त्रींना तेवढं थांबायला सांगा.