‘शिकवायचं सोडून राजकारण करतात, काढून टाका’: या दाव्यात नेमकं काय चुकतं

गाझाच्या युद्धावर बोलणाऱ्या अमेरिकी प्राध्यापकांबद्दल ऑक्टोबर २०२३ पासून एक दावा सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: प्राध्यापकाला पगार शिकवण्याचा मिळतो, इस्रायल-पॅलेस्टाईनवर तोंड उघडायचं असेल तर नोकरी सोडून उघडावं, खासगी कंपनी अशा माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवते, विद्यापीठांनीही तेच करावं, आणि शिवाय हे सगळे एकाच बाजूचे. पुरावा म्हणून इलिनॉय विद्यापीठाचं २०१४ चं उदाहरण जोडलेलं असतं: ट्विटवरून एका प्राध्यापकाला रुजूच होऊ न देण्याचं. उदाहरण खरं आहे, पण ते दाव्याच्या विरुद्ध साक्ष देतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

‘इलिनॉयने नोकरी दिलीच नव्हती, मग काढली कशी?’

प्राध्यापक स्टीव्हन सलाइता व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात कायम नोकरीत होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये इलिनॉयच्या अर्बाना-शँपेन आवारातून त्यांना अमेरिकन इंडियन स्टडीज (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा अभ्यास) विभागात कायम नेमणुकीचं पत्र आलं. ते त्यांनी स्वीकारलं, जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. रुजू होण्याची तारीख १६ ऑगस्ट २०१४ होती, शिकवायचे वर्गही ठरले होते. पत्रात एक ओळ होती: नेमणूक विश्वस्त मंडळाच्या मंजुरीच्या अधीन. अशी ओळ तिथे जवळपास प्रत्येक नेमणूकपत्रात असते.

जून-जुलै २०१४ मध्ये त्यांनी ट्विट केले. ते सौम्य नव्हते, हे लपवण्यात अर्थ नाही. वेस्ट बँकमधले सगळे इस्रायली वसाहतकार नाहीसे व्हावेत, अशी इच्छा त्यांनी शिवी घालून व्यक्त केली होती, आणि तीही तीन इस्रायली मुलांचं अपहरण झाल्यावर थोड्याच दिवसांत. देणगीदार, माजी विद्यार्थी आणि पालकांची पत्रं आवाराच्या प्रमुख, म्हणजे चॅन्सेलर, फिलिस वाइज यांच्याकडे येऊ लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे वर्ग भरायला तीनेक आठवडे उरले असताना, सलाइतांना कळवण्यात आलं की तुमची नेमणूक मंडळापुढे पाठवली जाणार नाही. ११ सप्टेंबरला मंडळाने ८ विरुद्ध १ मतांनी ती फेटाळली.

आता त्या ‘मंजुरीच्या अधीन’ ओळीकडे जवळून पाहा. मंडळाची बैठक सप्टेंबरात, सत्र सुरू होतं ऑगस्टअखेर. म्हणजे नवे प्राध्यापक आधी शिकवायला लागतात आणि मंजुरी मागाहून येते. सगळ्यांच्याच बाबतीत ही रीत होती. सलाइतांनी खटला भरला, तेव्हा विद्यापीठाने कोर्टात सांगितलं की मंजुरी नव्हती, म्हणून करारही नव्हता. ऑगस्ट २०१५ मध्ये संघीय न्यायाधीश हॅरी लाइननवेबर यांनी ते मानलं नाही. हा युक्तिवाद स्वीकारला तर अमेरिकेतली प्राध्यापक भरतीची आजची पद्धतच उरणार नाही, असं त्यांनी लिहिलं. सत्र सुरू होईपर्यंत ज्या पत्राला काहीच अर्थ नाही, त्याच्या भरवशावर कायम नोकरी सोडून कोण दुसऱ्या राज्यात जाईल? देणगीदारांवरचा दावा त्यांनी काढून टाकला, पण करारभंगाचा आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा दावा चालू ठेवला. त्याच दिवशी वाइज यांनी राजीनामा जाहीर केला.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ८,७५,००० डॉलरवर तडजोड झाली. त्यातले ६,००,००० सलाइतांना, बाकीचे वकिलांना. त्याआधी जूनमध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या प्राध्यापकांच्या संघटनेने, म्हणजे एएयूपीने, विद्यापीठाला निषेधाच्या यादीत टाकलं होतं. तिथून नाव निघायला २०१७ उजाडलं. सलाइतांना ती नोकरी मात्र मिळाली नाही. काही वर्षांनी ते शाळेची बस चालवत होते. ‘काढून टाका, प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही बाजूंचं हे नुकसान मोजावं.

‘खासगी कंपनीत असं चालेल का?’

चालणार नाही. पण कंपनी आपल्या माणसाला सात वर्षं परीक्षेवर ठेवत नाही. टेन्युअर म्हणजे कायम नेमणूक. ती मिळवायला साधारण सहा-सात वर्षांचा परिवीक्षाकाळ, बाहेरच्या तज्ज्ञांची लेखी मतं, विभागाचं मतदान, महाविद्यालयाची समिती, मग प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचे प्रमुख) आणि मंडळ, एवढ्या चाळण्या असतात. त्या पार केल्यावर काढायचं असेल तर एएयूपीची प्रमाण पद्धत अशी: लेखी आरोप, सहकारी प्राध्यापकांच्या समितीपुढे सुनावणी, सल्लागार सोबत नेण्याचा हक्क, आणि पुराव्याचा भार संस्थेवर. निलंबन फक्त तात्काळ धोका असेल तरच, आणि तेही पगारी. इलिनॉयने यातली एकही पायरी घेतली नाही. त्यांच्याच शैक्षणिक स्वातंत्र्य समितीने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की ‘सभ्यता’ हा नेमणुकीचा निकष होऊ शकत नाही, आणि प्रकरण तज्ज्ञ प्राध्यापकांकडे फेरविचाराला द्यावं. ते ऐकलं गेलं नाही.

आपल्याकडेही हे अनोळखी नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली बडतर्फ शिक्षकाला विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.  शिक्षकासाठी ते मुद्दाम ठेवलं आहे.

‘पगार शिकवण्याचा, मग बाहेर बोलायचं कशाला?’

दाव्याची सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. वर्ग, संशोधन आणि बाहेरचं बोलणं या तिन्हींची तो खिचडी करतो. एएयूपीच्या १९४० च्या निवेदनात हे तीन कप्पे वेगळे आहेत. वर्गात: विषयाशी संबंध नसलेली वादग्रस्त गोष्ट आणू नये. बाहेर: नागरिक म्हणून बोलण्यावर संस्थेने सेन्सॉर लावू नये किंवा शिक्षा करू नये, मात्र बोलणाऱ्याने अचूक असावं, संयम ठेवावा, आपण संस्थेच्या वतीने बोलत नाही हे स्पष्ट करावं. १९६४ च्या खुलाशाने निकष आणखी कडक केला: बाहेरच्या बोलण्यावरून काढायचं असेल तर त्यातून माणूस शिकवण्यास अपात्र आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याची शिकवण्याची आणि संशोधनाची पूर्ण नोंद तपासली पाहिजे.

सरकारी विद्यापीठात वर अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्तीही, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याची हमी, लागू होते. १९६८ चा पिकरिंग खटलाही इलिनॉयचाच. शाळेच्या खर्चावर टीका करणारं पत्र वर्तमानपत्राला लिहिलं म्हणून शिक्षकाला काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. खासगी संस्थेत ही दुरुस्ती लागू होत नाही, तिथे फक्त करार आणि हँडबुक. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या मुलेनबर्ग कॉलेजमध्ये २०२४ मध्ये मौरा फिंकेलस्टीन या कायम प्राध्यापिकेला समाजमाध्यमावर दुसऱ्याची पोस्ट पुन्हा टाकल्यावरून काढता आलं. ‘अमेरिकेत सगळ्यांना बोलायचं स्वातंत्र्य आहे’ हे वाक्यही म्हणून तितकंच अर्धवट.

‘विद्यार्थ्यांचं नुकसान होतं’

काही वेळा होतं, आणि तिथे शिक्षा व्हायलाच हवी. सप्टेंबर २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जॉन चेनी-लिपोल्ड यांनी एका विद्यार्थिनीला शिफारसपत्र द्यायचं कबूल केलं होतं. ती इस्रायलमध्ये शिकायला जाणार आहे हे कळल्यावर त्यांनी इस्रायली विद्यापीठांवरच्या शैक्षणिक बहिष्काराचं कारण देऊन नकार दिला. विद्यापीठाने त्या वर्षीची गुणवत्ता पगारवाढ रोखली, जवळ आलेली सबॅटिकल, म्हणजे संशोधनासाठीची पगारी, रजा काढून घेतली आणि पुढची दोन वर्षं रजा नाही असं सांगितलं. बहिष्काराला पाठिंबा देण्याबद्दल ही शिक्षा नव्हती. आपल्या मताचा भुर्दंड विद्यार्थिनीवर टाकल्याबद्दल होती. आमच्या मते हे योग्य माप आहे. नोकरी शाबूत, कृत्याला दंड.

छळाची तक्रार असेल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं टायटल सिक्स हे भेदभावविरोधी प्रकरण आहे. त्यात धर्माचा उल्लेख नाही, पण वंश आणि राष्ट्रीय मूळ आहे. सामायिक वंशपरंपरेच्या आधारे ज्यू, अरब, पॅलेस्टिनी सगळ्यांना ते लागू होतं. तिथे प्रश्न असतो: वर्तन इतकं गंभीर किंवा सततचं होतं का, की विद्यार्थ्याचं शिक्षण अडलं? नुसतं मत खटकणं या कसोटीत बसत नाही.

‘सगळे एकाच बाजूचे’

नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्राचे जॉन स्ट्रॉस निदर्शकांसमोरून जाताना म्हणाले की हमासवाले खुनी आहेत, ते सगळे मारले जावेत. फिरलेल्या चित्रफितींतून ‘हमास’ हा शब्दच काही ठिकाणी गळला होता, म्हणून ते सगळ्या पॅलेस्टिनींबद्दल बोलले असं पसरलं. त्यांना उरलेलं सत्र ऑनलाइन शिकवायला लावलं. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक शाइ डेव्हिडाय इस्रायलच्या बाजूने जोरात बोलत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना आवारात यायला तात्पुरती बंदी झाली, आणि कारण म्हणून विद्यापीठाने मत नाही तर कर्मचाऱ्यांना त्रास देण्याचं वर्तन सांगितलं. स्ट्रॉससाठी एक नियम आणि सलाइतांसाठी दुसरा मागणाऱ्याला, मग तो कुठल्याही बाजूचा असो, नियम नको आहे. त्याला आपला माणूस वाचवायचा आहे.

दाव्यात खरं काय आहे? एक गोष्ट. विभागाचं संकेतस्थळ ही प्राध्यापकाची खासगी भिंत नव्हे. शिकागो विद्यापीठाच्या १९६७ च्या कॅल्व्हन अहवालाचा मुद्दा हाच होता की विद्यापीठ टीकाकारांचं घर असतं, स्वतः टीकाकार नसतं. विभागाच्या नावाने युद्धावर निवेदन काढलं की त्याच विभागातल्या वेगळ्या मताच्या कनिष्ठ प्राध्यापकाची, ज्याची कायम नेमणूक अजून व्हायची आहे, पंचाईत होते. सही करावी तर मनाविरुद्ध, न करावी तर मतदान करणारे वरिष्ठ समोर. निवेदन स्वतःच्या नावाने काढावं.

हा गोंधळ पवईपर्यंत पोचला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत प्रयोगकलेच्या एका अभ्यासक्रमात वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या निर्वासित छावणीतल्या नाट्यचळवळीवरचा माहितीपट दाखवला गेला आणि एका रंगकर्मीचं ऑनलाइन व्याख्यान झालं. काही विद्यार्थ्यांनी थेट पवई पोलीस ठाण्यात तक्रार दिली, प्रवेशद्वाराबाहेर निदर्शनं झाली, अटकेची मागणी झाली. पण नाटकाच्या वर्गात नाट्यचळवळीवरचा माहितीपट विषयाला धरून आहे का, एवढाच तिथला पहिला प्रश्न होता, आणि तो अभ्यासक्रम समितीच्या टेबलावर अर्ध्या तासात तपासता आला असता. व्याख्यात्याचं एखादं वाक्य मर्यादेबाहेर गेलं असेल, तर त्या वाक्याची वेगळी तक्रार संस्थेकडे करता आली असती.