रोज पाच ओळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

वर्षाचे पहिले तीन महिने हातचे गेल्यावर उरलेल्या वर्षासाठी लहान ध्येय ठेवावे, अशा अर्थाच्या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात रागही आला, हे कबूल करते. दुसऱ्या वाचनात त्यातला एक मुद्दा बिनतोड आहे असे वाटले, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या घरात मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गाठोडे, आहे. त्यात ११२ कागद आहेत आणि सरासरी कागदाला तीस ओळी धरल्या तर एकूण ३,३६० ओळी होतात. हा रुमाल देवनागरीत उतरवून काढण्याचा संकल्प मी जानेवारीत केला, तो मार्च उजाडेपर्यंत बारगळला, आणि पाडव्यापासून मी रोज फक्त पाच ओळी लिप्यंतर करण्याचा नेम धरला. आपले म्हणणे असे की, या गतीने ६७२ दिवस लागतील, म्हणजे हे वर्ष गेलेच, पुढचेही गेल्यात जमा आहे. लहान ध्येय हे आळसाला दिलेले गोंडस नाव आहे आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांसारख्या माणसाने असली पाच ओळींची भातुकली मांडली नसती. शिवाय लहान ध्येय ठेवणारा माणूस नकळत सोपे ध्येय ठेवू लागतो.

आधी हिशेबाचे पाहू, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. मी एका सहकारी बँकेत कर्जखात्यांचे काम पाहते. आपला भागाकार अचूक आहे. तुलना मात्र चुकीच्या आकड्याशी झाली आहे. जानेवारीतला बेत रोज दोन कागदांचा होता आणि त्या बेताप्रमाणे रुमाल ५६ दिवसांत संपायला हवा होता. प्रत्यक्षात पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे सुमारे ८० दिवसांत, सात कागद झाले, ओळी मोजल्या तर साधारण दोनशे. रोजच्या अडीच ओळी! आपण ज्या पाच ओळींना हसलात त्या माझ्या भव्य संकल्पाच्या खऱ्या वेगाच्या दुप्पट आहेत, आणि त्या खऱ्या वेगाने गेले असते तर रुमालाला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला असता. पाडव्यापासून कालपर्यंत १०० दिवस झाले. त्यांतले ८८ दिवस मी बसले आणि ७४२ ओळी झाल्या, कारण एकदा बसल्यावर दर वेळी सहाव्या ओळीला उठवत नाही. जे १२ दिवस चुकले त्यांत भाचीचे लग्न आहे, ताप आहे आणि दोन दिवस निव्वळ कंटाळाही आहे. हाच वेग टिकला तर उरलेल्या ओळी पुढच्या मे महिन्यात संपतील. डिसेंबरात संपणार नाहीत, हे आपले म्हणणे मान्यच आहे.

आता पाच हा आकडा आला कुठून, ते सांगायला हवे, कारण मूळ लेखात मी ते लिहायचे राहून गेले आणि त्यामुळे तो आकडा हवेतून काढल्यासारखा वाटला असणार. जानेवारीचा बेत मी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, दुपारचे जेवण झाल्यावर, पाय पसरून केला होता. तो सुटीवरच्या बाईने कामावरच्या बाईसाठी केलेला बेत होता आणि त्या दोघींची फारशी ओळख नसते. पाच ओळींचा आकडा याच्या उलट बाजूने काढला. मार्चअखेरच्या गडबडीत एका रात्री साडेनऊला घरी पोहोचले. वडिलांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असल्याने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, ओटा आवरला, आणि मग केवळ पाहावे म्हणून घड्याळ लावून एक कागद घेऊन बसले. बावीस मिनिटांत पाच ओळी झाल्या आणि सहाव्या ओळीवर डोळे मिटू लागले. माझ्या वाईटातल्या वाईट दिवसाची ऐपत तेवढी आहे. ध्येय त्या ऐपतीवर ठरवले, एवढेच त्यात शहाणपण असेल तर आहे.

ज्यांना मोडीची सवय नाही त्यांना पाच ओळींना बावीस मिनिटे कशी लागतात असा प्रश्न पडेल. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरे लटकवत, शक्यतो हात न उचलता, लिहीत जातात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो, आणि एकाच कारकुनाच्या हातचा 'र' शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. वाचणाऱ्याला आधी तो हात ओळखावा लागतो. एकदा ओळखीचा झाला की तोच कारकून पुढचे दहा कागद भराभर वाचू देतो. म्हणूनच खंड पडणे या कामात महाग पडते : आठवडाभर कागद उघडला नाही तर ओळख पुसट होते आणि पहिल्या दोन ओळी पुन्हा तिच्यातच खर्च होतात.

आळसाच्या आरोपाबद्दल आता. त्या ८० दिवसांची मी डायरीवरून मोजणी केली. वडिलांचे ऑपरेशन, त्यानंतरचे आठवडे आणि बँकेतली मार्चअखेर मिळून सुमारे तीस दिवस खरोखरच माझे नव्हते. उरलेले पन्नास माझे होते आणि त्यांतल्या बहुतेक दिवशी मी बसले नाही. याला आळस म्हणायचे असेल तर म्हणावे, मी वाद घालणार नाही. पण तो आळस कशावर पोसला तेही पाहावे. रोजचे काम दोन कागदांचे असेल तर हातात आलेला अर्धा तास निरुपयोगी ठरतो. दोन कागद तर होणार नाहीतच, मग रुमाल सोडायचा कशाला, असे मन म्हणते आणि तो अर्धा तास फोनवर जातो. जानेवारी संपला तेव्हा हिशेबाने पन्नासहून अधिक कागद थकले होते, आणि १ फेब्रुवारीला मी त्यावर उपाय म्हणून रोज चार कागद करण्याचे ठरवले. हे लिहितानाही हसू येते, कारण कर्जदाराच्या बाबतीत असा सल्ला मी कधीही दिला नसता.

हंगाम बुडालेला कर्जदार समोर बसतो तेव्हा आम्ही त्याची आवक पाहतो आणि त्याला झेपतील असे हप्ते पाडून देतो. मागची सगळी थकबाकी पुढच्या हप्त्यात भर, असे सांगितले तर तो शाखेत यायचाच बंद होतो, फोन उचलत नाही, आपण समोरून आलो तर रस्ता बदलतो. फेब्रुवारीत माझे तेच झाले होते : रुमाल कपाटावर होता आणि मी त्या कपाटाकडे पाहत नव्हते. बँकेच्या भाषेत, हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज साधारणपणे अनुत्पादक ठरते. माझे खाते त्या मुदतीला दहा दिवस असताना वाचले, एवढेच म्हणायचे.

राजवाड्यांचे उदाहरण आपण दिलेत ते मला मनापासून आवडले, पण ते आपल्या बाजूने साक्ष देते असे वाटत नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंड बावीस झाले. आकडा डोंगराएवढा आहे खरा. तो खंड हातात घेऊन उघडला म्हणजे मात्र दिसतो लेखांक १, लेखांक २, लेखांक ३ : एकेक कागद सुटा, आपापल्या अंकाखाली, आणि त्यांतले कितीतरी जेमतेम काही ओळींचे. गावोगाव हिंडून मिळवलेल्या कागदांचा तो डोंगर लेखांकालेखांकाने रचलेला आहे. त्यांच्या झपाट्याशी माझी तुलना करण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी आयुष्य वाहिले, मी जेवणानंतरची बावीस मिनिटे देते. या दोहोंतला फरक मोठा आहे. तो मान्य केल्यावर मला उरलेले पर्याय दोनच होते, बावीस मिनिटे देणे किंवा काही न देणे.

आता लहान ध्येय नकळत सोपे होते, या आपल्या मुद्द्याकडे येते, आणि इथे आपण बरोबर आहात.

प्रतिक्रिया वाचल्यावर मी मे महिन्याची वही काढली. त्या महिन्यात नेम एकदाही चुकला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. वहीत पाहते तो महिन्याच्या कामात मोठा वाटा पावत्यांचा. इंग्रजी अमदानीतल्या, स्वच्छ हाताच्या, सगळ्यांचा मायना एक, फक्त नाव आणि रक्कम वेगळी. त्या ओळी मी वाचत नव्हते, जवळजवळ पाठ म्हणत होते. रुमालाच्या तळाशी पेशवाईतल्या एका इनामाच्या सनदेची नक्कल आहे, वाळवी लागलेली, घाईत लिहिलेली; तिला पाडव्यापासून हात लावलेला नव्हता. जुने कर्ज फेडलेले दिसावे म्हणून त्याच कर्जदाराला नवे कर्ज देऊन खाते वरकरणी निरोगी ठेवण्याचा एक प्रकार आमच्या क्षेत्रात असतो आणि तो तपासणीत सापडला की मोठी नाचक्की होते. मी स्वतःच्या वहीत तेच करत होते. हप्ता वेळेवर, खाते हिरवेगार, आणि मुद्दल जागच्या जागी.

तेव्हा जूनपासून नेमात एक दुरुस्ती केली. रविवार ते शुक्रवार पाच ओळी पूर्वीप्रमाणेच, पण रुमालातल्या क्रमानेच, निवड न करता. शनिवारी फक्त ती सनद, आणि तिची एकच ओळ झाली तरी दिवस भरला असे मानायचे. लहानपण ठेवले, सोपेपण काढण्याचा प्रयत्न केला.

पहिल्या शनिवारी त्या एका ओळीने सव्वा तास घेतला. आरंभी 'सु॥', म्हणजे जुन्या कागदांतल्या शुहूर या कालगणनेची खूण, आणि त्यापुढे मी वाचत होते ते 'सवा'. सव्वा काय, हे पुढच्या शब्दावरून लागेना. भिंगाखाली पाहिल्यावर लक्षात आले की या माणसाचे ब आणि व सारखेच आहेत. तो 'सबा' होता, म्हणजे अरबीतले सात. मग पुढचे आपोआप उलगडले : सबा खमसैन मया व अलफ. सात, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११५७, इसवी सनाचे १७५६-५७. पावत्यांच्या शंभर ओळींनी जे दिले नव्हते ते या अर्ध्या ओळीने दिले. आमच्या घरात हा कागद 'शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा' म्हणून सांगितला जात होता. निदान मूळ सनद तरी आणखी शतकभर मागे गेली. वडिलांना रात्रीच सांगितले. नव्या डोळ्याने त्यांनी तो शब्द स्वतः पाहिला आणि मला काही दिसत नाही बुवा, असे प्रामाणिकपणे म्हणाले.

थोडे विषयांतर होते आहे, पण त्या ओळीमुळेच सुचले म्हणून लिहिते. शुहूर सनाचे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. पेरणीवर ज्यांचे सगळे अवलंबून होते त्यांनी वर्षाचा आरंभ पावसाशी बांधला, हे रास्तच आहे. आपल्याकडे वर्षाला तोंडे पुष्कळ आहेत : पाडवा आहे, बँकवाल्यांचा १ एप्रिल आहे, व्यापाऱ्यांची बलिप्रतिपदा आहे. १ जानेवारीला गाडी सुटली म्हणजे वर्षच सुटले, असे मानणे कुणावर बंधनकारक नाही. आपण याला पळवाट म्हणाल. कुणी दर तीन महिन्यांनी नव्या मुहूर्ताची वाट पाहत बसला तर ती पळवाटच होईल, त्यात शंका नाही. पाडव्याला मी नेम धरला तेव्हा मुहूर्ताहूनही, मार्चअखेरीने माझी ऐपत उघडी पाडली हे कारण मोठे होते.

एका बाबतीत मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. मोठे ध्येय समोर नसेल तर माणूस गंजतो, असे आपण शेवटी लिहिले आहे. माझे मोठे ध्येय होते तेच आहे : संपूर्ण रुमाल, ११२ कागद, एकही न वगळता. त्यातला एक कागदही मी कमी केलेला नाही. बदलली आहे ती तारीख, आणि रोज संध्याकाळी स्वतःकडे मागायची रक्कम.

आज शनिवार. सनदेच्या तिसऱ्या ओळीत 'चावर' हा जमिनीच्या जुन्या मापाचा शब्द स्पष्ट आहे, त्याच्या अलीकडच्या शब्दावरची शाई उडाली आहे, आणि तो 'पाव' आहे की 'निम' हे मला ठरवता येत नाही. चावर १२० बिघ्यांचा धरला तर एका वाचनाने इनाम तीस बिघ्यांचे होते, दुसऱ्याने साठ बिघ्यांचे. अंदाजाने लिहून 'ध'चा 'मा' करण्याची माझी इच्छा नाही. आपल्याला मोडी उत्तम वाचता येते असे प्रतिक्रियेवरून दिसते. त्या ओळीचे छायाचित्र खाली जोडले आहे. सवड होईल तेव्हा एकदा भिंगाखाली पाहाल का?