‘तीन रिटर्नचे २३,६०० रुपये लुटले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की अमळनेरच्या आमच्या ऑफिसने तीन वर्षांच्या थकलेल्या इन्कम टॅक्स रिटर्नचे २३,६०० रुपये लुटले, सरकारची लेट फी तर हजारच असते, रिफंड बुडवला आणि तीन आठवडे फेऱ्या मारायला लावल्या. गर्दीत आमचा मुलगा तुमच्याशी चढ्या आवाजात बोलला, ते चुकलंच. मनापासून माफी मागतो. फेऱ्यांबद्दलही दिलगीर आहे.

पण ‘लुटले’ हा शब्द चार दिवस झाले मला झोपू देत नाही. १४ वर्षं या गावात हेच काम करतोय. परवा आमचे एक जुने ग्राहक, धान्याचे अडते, आत येता येताच म्हणाले, “का भाऊ, लोकेसले लुटस का तू?” ते हसत म्हणाले, पण मला त्या दिवशी घास गेला नाही. रक्कम तुम्हीच जाहीर केलीत, म्हणून तिचाच हिशेब इथे मांडतो.

२३,६०० पैकी आमची फी ३,०००. तीन वर्षांचं काम, वर्षाला हजार. बाकी २०,६०० सरकारी तिजोरीत गेले, तुमच्याच पॅनवर, आणि तेही एकट्या २०२२-२३ या आर्थिक वर्षाचे. त्या वर्षी तुम्ही नोकरी बदललीत. दोन्ही कंपन्यांनी आपापल्यापुरता टीडीएस, म्हणजे पगारातूनच कर, कापला आणि दोन्ही पगार एकत्र धरल्यावर ८,००० कर कमी पडला. ३१ जुलै २०२३ च्या आत रिटर्न भरलं असतं तर तेवढ्यावर विषय मिटत होता. त्यानंतर ऑगस्ट २०२३ ते जानेवारी २०२६ असे ३० महिने, महिना १ टक्का, म्हणून व्याज २,४००. लेट फी ५,०००. हजाराची फी एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असलेल्यांना आहे भाऊ, तुमचं त्याच्या वर जातं. त्या वर्षाचं उशिराचं साधं रिटर्न ३१ डिसेंबर २०२३ ला बंद झालेलं, त्यामुळे आयटीआर-यू, म्हणजे मुदत उलटल्यावर जादा कर देऊन भरायचं रिटर्न, भरण्यावाचून मार्ग नव्हता. त्यात कर आणि व्याज मिळून जे १०,४०० झाले, त्यावर ५० टक्के जादा कर, म्हणजे ५,२००. करा बेरीज. हाच जादा कर ३१ मार्च २०२५ पर्यंत २५ टक्के होता आणि ३१ मार्च २०२६ नंतर ६० टक्के. मी घाई करत होतो ती यासाठी.

तुम्ही सगळी रक्कम एकदम आमच्या खात्यात पाठवलीत आणि चलन आम्ही भरलं, त्यातून हा गैरसमज झाला असेल. चलनाची प्रत फाईलला लावून दिली होती. पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्येही दिसेल.

रिफंड मी बुडवला नाही. २०२३-२४ चा टीडीएस जास्त कापला गेला होता हे खरं, पण त्या वर्षाचीही साधी मुदत संपलेली आणि आयटीआर-यू मध्ये रिफंड मागताच येत नाही, कायदाच तसा आहे. २०२४-२५ चं रिटर्न मात्र आपण ३१ डिसेंबरला मुदतीत बसवलं आणि लेट फी वजा होऊन उरलेला रिफंड तुमच्या खात्यात जमाही झाला. त्याबद्दल तुमच्या अभिप्रायात एक शब्द नाही, याचं वाईट वाटलं.

आणि तीन आठवडे? तुम्ही आलात २९ डिसेंबरला संध्याकाळी. पासवर्ड आठवत नव्हता, आधारला जोडलेला नंबर सुरतला तुमच्या मेहुण्यांकडे, आणि ते लूमवर रात्रपाळीला. ३१ तारखेला रात्री दोनदा ओटीपीची वेळ संपून गेली. तिसरा त्यांनी बाहेर येऊन फोनवर एकेक आकडा करून सांगितला, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पावती निघाली ११:४० ला. तुम्ही समोरच बसला होतात. आम्ही बापलेक तोवर जेवलोही नव्हतो. पुढे तुमच्या जुन्या कंपनीचा फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, यायलाच १७ जानेवारी उजाडली. त्याच्याआधी दोन पगारांचा मेळ कसा घालणार होतो?

यापुढे सरकारचे पैसे किती आणि आमचे किती, हे आधीच वेगवेगळं लिहून देऊ. मुलाला समज दिली आहे. डिसेंबरातल्या गर्दीचंही काहीतरी बघतो.

२०२३-२४ च्या रिफंडासाठी उशीर माफ करण्याचा अर्ज आयुक्तांकडे करता येतो. तेव्हाही सांगितलं होतं, तुम्ही “नको ती झंझट” म्हणालात. त्याला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदत आहे. उशिराचं कारण खरं आणि पटेल असं लिहावं लागतं, मंजुरी त्यांच्या हातात. तुमचे कागद अजून आमच्या कपाटात आहेत. रविवार सोडून कधीही या, हा अर्ज मी स्वतः करून देईन, त्याची फी घेणार नाही.