माया किती सोडली?

पुण्यामुंबईच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हटकून येतं: लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावरचा सूट म्हणजे नुसते नावाचे पैसे, आपला मास्तर तेच काम दहा हजारांत आणि आठ दिवसांत करून देतो. आणि हेच बोलणारे लग्नासाठी ज्या दुकानात शिरतात, त्याच्या पाटीवर ‘बिस्पोक’, म्हणजे एकाच माणसासाठी मुळापासून बेतलेलं, असं लिहिलेलं असतं. त्या शब्दात काहीच नसेल, तर तो पाटीवर कशाला हवा?

सॅव्हिल रोवरच्या जुन्या पेढ्यांत कोट-पँट शिवायला आज ६,००० पौंडांच्या पुढे मोजावे लागतात. ही रक्कम मोठी आहे, पण ती कशाची आहे हे रस्त्यावरूनही दिसतं. फुटपाथच्या कठड्यातून खाली पाहिलं की तळघरात मांडीवर कोट घेऊन शिवणारी माणसं दिसतात. या पेढ्यांची सॅव्हिल रो बिस्पोक असोसिएशन २००४ पासून आहे. एका सूटमागे निदान ५० तास हाताचं काम हवं, असा तिचा दंडक आहे.

मराठीत बेतणं आणि शिवणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि तिथे ही दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत. कटर पंचवीस-तीस मापं घेतो, शिवाय कुठला खांदा उतरलाय, पाठीला किती बाक आहे हे टिपून ठेवतो. मग जाड तपकिरी कागदावर त्या एकाच माणसाचा पॅटर्न आखतो. तयार साच्यात इंच-अर्धा इंच कमीजास्त करणं म्हणजे ‘मेड टू मेजर’, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा पाट्यांमागे तेच चालतं. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला त्याच्या नावानं हाक मारावी.

सुमारे साडेतीन मीटर कापड खडूनं आखून कापलं जातं आणि शिवणींत माया, म्हणजे पुढे सैल करायला जास्तीचं कापड, सोडली जाते. पहिल्या ट्रायलला कोट पांढऱ्या कच्च्या दोऱ्यावर उभा असतो. तो अंगावर चढवून कटर खुणा करतो आणि नंतर सगळा उसवतो. तुकडे पुन्हा सपाट करून, नव्यानं आखून, पुन्हा कापतो. आठ दिवसांच्या वायद्यात पहिला बळी जातो तो या उसवण्याचा. मग कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. बाही हाताच्या नैसर्गिक झुकावाशी जुळत नाही आणि दंडावर तिरक्या घड्या पडतात. त्या इस्त्रीनं कधीच जात नाहीत. बाही सोडवून, जराशी फिरवून पुन्हा बसवावी लागते.

खरा फरक मात्र आत असतो. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये लोकर आणि घोड्याच्या केसांचा कॅनव्हास घालतात. तो आधी भिजवून वाळवलेला हवा, नाहीतर पुढे आटतो आणि छाती सुरकुतते. लॅपल, म्हणजे छातीवर उलटलेली कॉलरखालची पट्टी, बोटावर वळवून धरायची आणि बारीक तिरक्या टाक्यांनी कॅनव्हासला धरत जायची, म्हणजे तिचा वळसा कायमचा बसतो. स्वस्त कोटात याच जागी गोंद लावलेलं कापड गरम दाबानं चिकटवतात. ड्रायक्लीनिंगच्या काही फेऱ्यांनंतर तो गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे बसते त्या खांद्याच्या घेरापेक्षा, दीड-दोन इंच मोठा बेततात. ते जास्तीचं कापड चुण्या न पडू देता वाफेनं आणि हातानं जिरवायचं असतं. हे ज्याला जमतं, तो कारीगर कुठल्याही गावचा असो, त्याचा दाम सारखाच असायला हवा.

शब्द सांभाळण्यात इंग्रजांनी काही मोठे दिवे लावलेले नाहीत, हेही सांगायला हवं. ज्या सूटचं बरंचसं काम यंत्रावर झालंय, त्यालाही ‘बिस्पोक’ म्हणता येईल, असा निर्णय २००८ मध्ये तिथल्या जाहिरात नियामकानं दिला. फ्रान्सनं मात्र १९४५ पासून ‘ओत कुत्युर’ हे मापानं बेतलेल्या उंची फॅशनचं नाव कायद्यानं बांधून ठेवलंय. दरवर्षी यादी ठरते आणि यादीबाहेरच्याला ते नाव लावता येत नाही.

आता मला खुपणारी गोष्ट. लंडनमध्ये मापानं शिवलेलं अंगावर असणं ही श्रीमंतांची गोष्ट आहे. बाकी सगळे हाय स्ट्रीटवरून उचलतात आणि सेलची वाट बघतात. आपल्याकडे साध्या पगाराच्या घरातली बाईसुद्धा प्रत्येक साडीवर मापाचा ब्लाउज शिवून घेते. मुंढा कुठे काचतो ते बोट ठेवून दाखवते, माया ठेवायला बजावते. इतकं कळणारं गिऱ्हाईक इथे लंडनमध्ये मला दिसत नाही. आणि तरी शिलाईचे चाळीस रुपये वाढले की तिच्याच घरात कुरकुर होते. मास्तरांचे हात कमी नाहीत. त्यांच्या तासांचा हिशेब मात्र आपण कधी मांडलाच नाही.

यात आम्ही परदेशात राहणारे सगळ्यांत जास्त दोषी. डिसेंबरात तीन आठवडे उतरायचं, दुसऱ्याच दिवशी कापड मास्तरांच्या टेबलावर टाकायचं आणि विमानाची तारीख सांगायची. भाव पौंडांत बघून समाधान मानायचं, घासाघीस रुपयांत करायची. ट्रायलला वेळ नाही म्हणायचं, आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत तोच कपडा घालून ‘तिकडे फिनिशिंग नाही’ असं सांगायचं. हे मी इतकी वर्षं ऐकून घेतलं, मानही हलवली. लाज वाटते.

सॅव्हिल रोवर गिऱ्हाइकाचा कागदी पॅटर्न जपून ठेवतात आणि अंग बदललं की तोही बदलतात. आपल्या मास्तरांकडे असते वही. आमच्या नावाच्या पानावर कंबर अजून देश सोडतानाची आहे, आणि पुढची ट्रायल वर्षभरानंतर. म्हणून या खेपेला मापं नव्यानं द्या. पाठीच्या मधल्या शिवणीत आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच, बाहीच्या टोकाला दोन इंच, पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडायला सांगा. त्याला कापड जास्त लागेल. ते घ्या, आणि दुसऱ्या ट्रायलचे पैसे मास्तरांनी मागायच्या आधी द्या.