फॅक्स मागताय, मग तो घ्यायचा कुठे हेही सांगा

ताईच्या डोक्यात एक क्लिप आहे. २००९ मध्ये ती आणि भाऊजी ओहायोत होते तेव्हा मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली होती, ऑपरेशन तिथेच झालं, क्लिप लावली, देवाच्या कृपेनं सगळं नीट पार पडलं आणि २०१२ ला ते नागपूरला परत आले. आता मध्यंतरी तिला चक्कर यायला लागली म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तर सेंटरवाल्यांचा पहिलाच प्रश्न, क्लिप कोणत्या कंपनीची, मॉडेल कोणतं, कागद दाखवा, कागदाशिवाय मशीनमध्ये घेणार नाही. आणि त्यांचं बरोबरच आहे, त्यांच्यावर माझा काही राग नाही. जुन्या काही क्लिपा एमआरआय मशीनच्या चुंबकानं हलू शकतात, आणि मेंदूतली क्लिप हलली तर काय होईल याचा विचारही नको वाटतो. टायटॅनियमची असेल तर सहसा चालते, पण "सहसा"च्या भरवशावर आपल्या माणसाला त्या बोगद्यात कोण पाठवेल?

ताईच्या फाईलमध्ये डिस्चार्जचा कागद होता, क्लिपचा नंबर काही नव्हता. रात्री साडेआठला ओहायोच्या त्या हॉस्पिटलला फोन लावला, म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. रेकॉर्ड विभागातल्या बाई बोलायला खूप चांगल्या होत्या, म्हणाल्या रेकॉर्ड आहे, पेशंटच्या सहीचा फॉर्म पाठवा, फॅक्सनं किंवा पोस्टानं. ईमेल चालेल का विचारलं तर नाही. कागद आम्ही पण फॅक्सनंच पाठवू, तुमचा फॅक्स नंबर सांगा.

घरचा लँडलाईन आम्ही २०१७ ला परत केला. ०७१२ वाला नंबर, वीस-बावीस वर्षं बाबांच्या नावानं होता. परत करताना सगळ्यांना वाटलं फक्त एक बिल कमी झालं.

दुसऱ्या दिवशी बर्डीवर गेलो, तिथून मेडिकल चौक. दुकानांच्या पाट्यांवर अजून रंगवलेलं आहे, एसटीडी, आयएसडी, पीसीओ, झेरॉक्स, फॅक्स. सहा दुकानं फिरलो. एका काकांनी माळ्यावरून मशीन काढून पण दाखवलं, प्लास्टिकचं कव्हर घातलेलं, आत थर्मल कागदाचा अर्धा रोल तसाच. म्हणाले मशीन चालू आहे भाऊ, पण लाईनच नाही न, मशीन काय करन? तार बंद झाली तेव्हा म्हणजे जुलै २०१३ मध्ये निदान सरकारनं तारीख तरी सांगितली होती, लोक शेवटची तार करायला रांगेत उभे होते. फॅक्स बंद झाल्याचं कोणी कोणाला सांगितलंच नाही, एकेक लाईन कटत गेली आणि आपल्याला कळलं ते गरज पडल्यावर.

मग घरीच प्रयोग केला. इतवारीतल्या मित्राच्या ऑफिसात जुनं मशीन पडलं होतं ते आणलं आणि फायबरच्या डब्याला मागे फोनची जी जागा असते तिथे लावलं. आधी मुंबईच्या एका ओळखीच्या ऑफिसला पाठवून पाहिलं. तो किर्रर्र आवाज आला, पलीकडून उत्तर पण आलं, अर्धं पान आत गेलं आणि कट. दोनदा, तीनदा. दिवसभर वाचत बसलो तेव्हा कारण समजलं. फॅक्स म्हणजे कागदाचे सूर करून पाठवणं, आणि जुन्या तांब्याच्या तारेवर ते सूर जसेच्या तसे जातात. फायबरचा फोन आवाजाचे तुकडे करून इंटरनेटवरून पाठवतो, एखादा तुकडा मागे-पुढे झाला तर माणसाच्या कानाला कळत पण नाही, मशीनचा मात्र हिशोबच चुकतो. मोबाईलचं तर त्याहून वाईट, तो आवाज दाबून फक्त बोलणं समजेल एवढाच ठेवतो, त्यामुळे मोबाईलच्या साध्या कॉलवरून फॅक्स जातच नाही. फायबरवरून फॅक्स नीट जावा म्हणून टी.३८ नावाची वेगळी पद्धत १९९८ पासून आहे, पण ती दोन्हीकडच्या यंत्रणेत हवी, आणि आमच्या कनेक्शनवर ती चालू आहे का हे कस्टमर केअरमधल्या कोणालाच सांगता आलं नाही. शेवटी मशीनचा स्पीड १४४०० वरून ९६०० केला, चूक-दुरुस्तीचं ईसीएम बंद केलं, तेव्हा एक पान गेलं, मध्ये काळ्या रेघा पडून. ज्यांच्याकडे फायबर आहे आणि मशीन पण आहे त्यांनी हे दोन बदल नक्की करून बघा. पण ताईच्या कागदासाठी मला रेघा नको होत्या.

पाठवायचं काम तसं सोपं निघालं. वेबसाईट आहेत, पीडीएफ चढवायची, समोरचा नंबर टाकायचा, त्यांचं मशीन तिकडे फोन लावून फॅक्स करते. अमेरिकेत दोन-तीन पानं पाठवायची असतील तर काही साईटवर फुकट पण होतं. ताईनं सही केली, फॉर्म स्कॅन केला, अर्ध्या तासात पोचल्याचा मेल आला.

खरी अडचण घेण्याची आहे, आणि याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. पाठवायला दुसऱ्या कोणाचीही लाईन चालते, घ्यायला स्वतःचा नंबर लागतो आणि त्या नंबरावर सतत काहीतरी जागं असावं लागतं. आठवतं का, नोव्हेंबर २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सरकार बनवायच्या दाव्याचं पत्र, पाठवणारे म्हणत होते राजभवनाला फॅक्स लागत नाही आणि राज्यपाल म्हणाले ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला कोणी नव्हतं. एवढ्या मोठ्या जागी हे होतं तर आपण घरी काय करणार?

मी ०७१२ चा ऑनलाईन फॅक्स नंबर शोधत बसलो, मला काही मिळाला नाही. मग भाऊजींनी मुद्द्याचं विचारलं, नंबर नागपूरचा कशाला पाहिजे, पाठवणारे तर ओहायोत बसले आहेत. एका सर्व्हिसकडून महिन्याभरासाठी अमेरिकेचा नंबर भाड्यानं घेतला, त्यावर फॅक्स आला की पीडीएफ होऊन सरळ मेलमध्ये पडतो. ज्यांना परदेशातून कागद मागवायचे आहेत त्यांच्यासाठी हा एकच धड रस्ता मला दिसला. ना मशीन, ना लाईन, आणि ताईचे कागद दुकानाच्या ट्रेमध्ये दहा जणांसमोर पडून राहत नाहीत.

अकरा पानं आली, रात्री दोन चाळीसला. ताई जागीच होती. शेवटच्या पानावर क्लिपचं स्टिकर होतं आणि त्यावरचा मॉडेल नंबर वाचताच येईना, तिसरा आकडा ३ आहे की ८ हेच कळेना. साध्या मोडमध्ये फॅक्स उभ्या इंचात अठ्ठ्याण्णवच ओळी टिपतो, बारीक छपाई त्यात चिखल होऊन जाते. फोन वर नेऊन, झूम करून आम्ही चौघं तो आकडा बघत होतो. ३ असेल असं भाऊजी म्हणाले, ताई म्हणाली ८. त्या क्षणी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. तिकडे त्यांच्या फाईलमध्ये तेच स्टिकर स्वच्छ चिकटवलेलं आहे, मोबाईलनं एक फोटो काढून मेल केला असता तर दोन मिनिटांचं काम.

आणि कायदा काय म्हणतो ते पण वाचून काढलं. अमेरिकेत पेशंटच्या माहितीचा हिपा कायदा आहे, १९९६ चा. त्यात फॅक्सच पाहिजे असं कुठे नाही. पेशंटनं स्वतःचं रेकॉर्ड ईमेलवर मागितलं तर देता येतं, आणि मागितल्यापासून तीस दिवसांत द्यावं लागतं. हे मी त्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या आमच्या ऑफिसची पद्धत हीच आहे. म्हणजे पद्धत त्यांची आणि धावपळ पेशंटची. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांना जानेवारी २०१९ पासून नवीन फॅक्स मशीन घ्यायलाच बंदी केली, तिथे पण पेशंट आहेत, तिथे पण माहिती गुप्तच ठेवतात. माझं म्हणणं एवढंच आहे, फॅक्स ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण तो एकच दरवाजा ठेवू नका. ज्याच्याकडे लाईन नाही त्याला दुसरा मार्ग देणं हे मागणाऱ्याचं काम आहे. आपल्याकडची काही ऑफिसं आजही फॉर्मवर फॅक्स नंबरचा रकाना ठेवून राहिली, त्यांना पण हेच सांगणं.

शेवटी ते पान फाईन मोडमध्ये, म्हणजे जास्त ओळी टिपणाऱ्या मोडमध्ये, परत मागवलं, चार दिवस गेले. आकडा ८ होता. सेंटरच्या डॉक्टरांनी कंपनीच्या यादीत मॉडेल तपासलं, चालेल म्हणाले, आणि गुरुवारी ताईचा एमआरआय झाला. रिपोर्ट चांगला आहे.

स्टिकरच्या त्या पानाची मोठी झेरॉक्स लॅमिनेट करून ताईच्या पर्समध्ये ठेवली आहे, एक माझ्या पाकिटात. तुमच्या घरी कोणाच्या अंगात क्लिप, प्लेट, स्टेंट, पेसमेकर काही असेल तर आज ती फाईल काढा आणि नंबर आहे का बघा, नसेल तर दवाखान्यातून मागवून घ्या. आणि बाबांच्या कपाटात जुने थर्मल फॅक्स असतील तर त्यांची झेरॉक्स लगेच काढून घ्या, आमच्याकडचा ९६ चा एक फॅक्स परवा उघडला तर कागद पूर्ण कोरा झाला होता, फक्त बाबांनी पेनानं केलेली सही उरली होती.