मुलांचे व्हिडिओ आणि 'फोर-के, ६० फ्रेम'चा मेसेज

मुलांचे व्हिडिओ 'सिनेमासारखे' यावेत म्हणून काय करायचं, हे सांगणारा एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. सेटिंग फोर-के (म्हणजे जास्त बारकाव्यांचं चित्र), ६० फ्रेमवर ठेवा, लांबून झूम करून टिपा, कार्यक्रम असेल तर सलग शूट करा आणि आवाजाची काळजी सोडा, वर गाणं टाकता येतं. चारही सल्ले घरच्या व्हिडिओच्या मुळावर येणारे आहेत.

आधी सेटिंग. भर उन्हात मूल पळत असेल तर ६० फ्रेम ठीक. घरात संध्याकाळी मात्र सेकंदाला ६० चित्रं घ्यायची म्हणजे प्रत्येक चित्राला फार तर एक साठांश सेकंद उजेड मिळतो. ३० फ्रेमला त्याच्या दुप्पट मिळू शकतो. उजेड कमी पडला की चेहऱ्यावर दाणे दिसतात, ते फोर-केने जात नाहीत, उलट जास्त स्पष्ट दिसतात. त्यात आयफोनवर फोर-के ६०चं एक मिनिट साधारण ४०० एमबी खातं, १०८० पी ३०चं (कमी बारकावे, सेकंदाला ३० चित्रं) ६० एमबीच्या आसपास. सेटिंगशी खेळण्यापेक्षा खिडकी आपल्या पाठीशी येईल असे उभे राहा.

लांबून झूम करण्यामागचा हेतू समजतो, कॅमेरा दिसला की मुलं अवघडतात. पण ती फोनला नाही, 'इकडे बघ, हास ना' या हुकमाला अवघडतात. तो बंद करा, जवळ जा, खाली बसा, फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. थोड्या वेळात ते आपल्या खेळात रमतं. फोनमधल्या लेन्सची मर्यादा संपल्यावरचा झूम म्हणजे चित्र कापून ताणणं, दुसरं काही नाही.

आवाजाबद्दलचा सल्ला सगळ्यात वाईट. तीन वर्षांची पोर आकडे म्हणतेय, 'एक, दोन, पाच, अकरा', मागून आजी हसू दाबत 'तीन कुठे गेला गं?' विचारतेय. यावर गाणं चढवलं की हाती उरतात नुसते हलणारे ओठ. आवाज जपायचा तर जवळ जाण्यावाचून इलाज नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने पडतो. पंखा, टीव्ही बंद करा. फोन आडवा धरताना तळहात माइकच्या भोकावर येतो, तेवढं सांभाळा. आणि शूट करणाऱ्याने गप्प बसावं, हे मेसेजमध्ये कुणीच लिहीत नाही!

राहिलं सलग शूटिंग. १८९५मध्ये सिनेमाच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई ल्युमिएरने भावाच्या तान्ह्या मुलीला आईवडील भरवताहेत, ते टिपलं. कॅमेरा जागचा हललेला नाही, लांबी मिनिटापेक्षाही कमी, तरी आजही बघवतं. चाळीस मिनिटांचं स्नेहसंमेलन पुन्हा कोण बघतं? दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे घ्या, पण मोठी गंमत घडत असेल तर बटण दाबायची घाई नको.

मूळ फाइल जपण्याबद्दल तर मेसेजमध्ये चकार शब्द नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत आकसलेली असते. मूळ प्रत फोनखेरीज आणखी दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलच्या नावात वर्ष घाला.